भूतानचे २००८ हे वर्ष: लोकशाही खरोखरच न मागता मिळाली का?

खानापूरचा वाचक

नमस्कार. आमच्या तालुक्यातील एका वाचनालयात दर महिन्याला एक सभासद कोणत्याही लहान देशाचे एकच वर्ष घेऊन त्यावर तासभर बोलतो. पुढच्या खेपेला माझी पाळी असून मी भूतानचे २००८ हे वर्ष निवडले आहे. २००५ च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आतच भरली होती. आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या त्याआधीच, २००१ साली, बेचाळीस लाखांच्या वर गेलेली होती. एवढ्याशा देशाने एका वर्षात पहिली संसदीय निवडणूक घेतली, पहिली लिखित राज्यघटना स्वीकारली आणि नव्या राजाचा राज्याभिषेकही केला, म्हणून हे वर्ष मला घ्यावेसे वाटले.

माझे टिपण सध्या असे आहे. २४ मार्च रोजी संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे राष्ट्रीय सभेसाठी, मतदान झाले आणि ४७ पैकी ४५ जागा ड्रुक फुएन्सुम त्शोग्पा या पक्षाला मिळाल्या. एप्रिलमध्ये जिग्मी थिनले पंतप्रधान झाले. मे महिन्यात संसदेचे पहिले अधिवेशन भरले आणि आपले पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तेथे भाषण केले. १८ जुलै रोजी राज्यघटनेवर सह्या झाल्या. ६ नोव्हेंबर रोजी राजधानी थिंपूतील ताशिछो झोंग या किल्ल्यात अठ्ठावीस वर्षांचे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांच्या मस्तकावर त्यांच्या वडिलांनी, म्हणजे चौथ्या राजांनी, कावळ्याचे मस्तक असलेला मुकुट ठेवला. त्या सोहळ्याला आपल्या तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील उपस्थित होत्या, हे मी सांगणार आहेच. आमच्याकडील श्रोत्यांना तेवढे ऐकायला आवडेल.

अडचण पुढे आहे. जिथे पाहावे तिथे एकच वाक्य सापडते, की भूतानमध्ये राजाने लोकशाही दिली आणि प्रजेने ती नको म्हटले. हे वाक्य जसेच्या तसे घ्यावे का? दुसरे असे, की भूतानच्या दक्षिणेतील नेपाळीभाषकांचा विषय काढला तर सीमाभागातील श्रोते पहिल्या पाच मिनिटांतच भूतान सोडून बेळगाव, निपाणी, कारवारवर येतील, अशी मला धास्ती आहे. तो भाग वगळला तर चालेल का?

शहापूरकर

पहिल्या प्रश्नापुरते उत्तर देतो. ते वाक्य अर्धे खरे आहे आणि जेवढे खरे आहे तेवढे दाखवायला आकडे उपयोगी पडतात. निवडणूक लोकांना सवयीची व्हावी म्हणून २००७ च्या एप्रिल-मेमध्ये भूतानमध्ये लुटुपुटूची निवडणूक घेण्यात आली. पक्ष खोटे होते आणि त्यांना रंगांची नावे दिली होती: निळा, हिरवा, लाल, पिवळा. परंपरेचे रक्षण हा कार्यक्रम पिवळ्या पक्षाच्या नावावर टाकला होता आणि पिवळा हा राजाचाही रंग. त्या पक्षाने ४७ पैकी ४६ जागा जिंकल्या. मतदारांना पक्षांपैकी एक निवडायला सांगितले होते. त्यांनी राजालाच मत दिले, असा त्याचा अर्थ मी लावतो.

खऱ्या निवडणुकीत मात्र चित्र इतके सरळ राहिले नाही, आणि आपण ४५ व २ एवढेच सांगून पुढे गेलात तर श्रोत्यांची दिशाभूल होईल. मतदान ऐंशी टक्क्यांच्या जवळ पोहोचले. विजयी पक्षाला सुमारे ६७ टक्के आणि पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीला सुमारे ३३ टक्के मते पडली. दर तीन मतदारांमागे एकाने दुसऱ्या पक्षाला मत दिले असूनही त्या पक्षाच्या वाट्याला दोनच आसने आली, कारण आपल्याप्रमाणेच तेथेही मतदारसंघात ज्याची मते जास्त तो निवडून येतो आणि उरलेली मते वाया जातात. त्या पक्षाचे प्रमुख सांगे न्गेदुप हे माजी पंतप्रधान आणि राजघराण्याचे जवळचे नातलग, नव्या राजांचे मामा. पण ते स्वतःच्या मतदारसंघात पडले. प्रजेला फक्त राजाच हवा होता, असे म्हणणाऱ्याने या निकालाचेही उत्तर द्यावे लागेल. राजनिष्ठा दोन्ही पक्षांची सारखीच होती. तरीही राजाच्या सोयऱ्याला घरी बसवण्याइतपत स्वतंत्र बुद्धी त्या मतदारांनी पहिल्याच खेपेला दाखवली.

आणखी दोन गोष्टी टिपणात घाला. संसदेसाठी उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे, अशी अट होती. साक्षरता साठ टक्क्यांच्या आसपास असलेल्या देशात या एका अटीने किती शहाणेसुरते गावकरी बाहेर राहिले असतील, याचा अंदाज आपल्याकडील ग्रामपंचायती पाहिलेल्या कोणालाही करता येईल. शिवाय धर्म राजकारणाच्या वर राहावा म्हणून भिक्षूंना मतदानापासूनही दूर ठेवले होते. मतदानयंत्रे भारतातून गेली होती. घटनेच्या मसुद्याला सल्ला देण्यासाठीही आपल्याकडील ज्येष्ठ विधिज्ञ के. के. वेणुगोपाल यांना बोलावले होते.

राजाने लोकशाही 'दिली' या शब्दाविषयी एवढेच, की ती एका रात्रीत आलेली नव्हती. तिसऱ्या राजांनी १९५३ साली राष्ट्रीय सभा स्थापन केली, चौथ्या राजांनी १९९८ साली कारभार निवडलेल्या मंत्रिमंडळाकडे सोपवला, २००१ मध्ये घटनेचा मसुदा करायला समिती नेमली आणि २००५ मध्ये तो मसुदा लोकांपुढे ठेवून राजे व युवराज जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या वाचनाला जाऊन बसले. त्या सभांतूनच "आम्हाला राजाच बरा" हे उद्गार निघाले आणि परदेशी वार्ताहरांनी तेवढेच उचलले.

निपाणीहून

वरील उत्तर चांगले आहे, पण त्यात एक मोठी जागा रिकामी राहिली आहे आणि ती प्रश्नकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाने भरते. लोकांनी लोकशाही मागितलीच नव्हती, हे विधान भूतानच्या दक्षिणेतील ल्होत्शाम्पा, म्हणजे नेपाळीभाषक प्रजेला धरून केले तर टिकत नाही. त्यांनी १९९० साली रस्त्यावर येऊन हक्क मागितले होते. तो भाग वगळायचा असेल तर व्याख्यानाला भूतानचे २००८ म्हणू नये, थिंपूचे २००८ म्हणावे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९८५ च्या नागरिकत्व कायद्याने ३१ डिसेंबर १९५८ ही तारीख कसोटीची ठरवली आणि १९८८ च्या जनगणनेत दक्षिणेतील कुटुंबांना त्या तारखेपूर्वीचे वास्तव्य कागदाने सिद्ध करायला सांगितले गेले. कागद म्हणजे काय, तर १९५८ सालची जमीनसाऱ्याची पावती. १९५७ ची नको, १९५९ चीही नको. तीस वर्षांपूर्वीची, त्या नेमक्या सालाची पावती ज्याच्या पेटीत सापडली तो नागरिक, आणि ज्याच्याकडे नव्हती तो परका, अशी विभागणी एकाच घरातील भावांमध्येसुद्धा झाली. १९८९ मध्ये राष्ट्रीय पोशाखाची सक्ती आली आणि शाळांतून नेपाळी भाषा काढून टाकण्यात आली. पुढच्या वर्षी निदर्शने झाली, ती दडपली गेली आणि नंतरच्या काही वर्षांत सुमारे एक लाख माणसे पूर्व नेपाळातील झापा व मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत जाऊन राहिली. भूतान सरकारचे म्हणणे असे, की त्यांतील बरेच जण बेकायदा आलेले होते किंवा स्वतःहून गेले. हे म्हणणेही आपण सांगावे. पण साडेसहा लाखांच्या देशाबाहेर लाखभर माणसे छावणीत होती, हे प्रमाण त्यासोबत सांगावे.

आता २००८ कडे या. जानेवारीत थिंपूसह काही ठिकाणी कमी तीव्रतेचे बॉम्बस्फोट झाले आणि छावण्यांतून निघालेल्या जहाल गटांकडे बोट दाखवले गेले. मार्चमध्ये देशात पहिल्या निवडणुकीचा प्रचार चालू असतानाच छावण्यांतील कुटुंबांना तिसऱ्या देशांत, मुख्यतः अमेरिकेत, नेऊन वसवण्याची मोहीम सुरू झाली. पुढील सात-आठ वर्षांत लाखाच्या आसपास माणसे अशी गेली. आत राहिलेल्या नेपाळीभाषकांनी मतदान केले आणि दक्षिणेतून त्यांचे काही प्रतिनिधी निवडूनही आले. बाहेरच्यांना मत नव्हते. एका बाजूला मतपेटीपुढे रांग, दुसऱ्या बाजूला विमानात बसण्यासाठी रांग, आणि दोन्ही एकाच महिन्यातल्या. याहून नेमके आपल्याला काय हवे?

श्रोते सीमाप्रश्नावर घसरतील ही भीती रास्त आहे. त्यावर माझा उपाय असा, की तुलना आपणच आधी करावी आणि आपणच थांबवावी. आपल्याकडे शाळा, फलक, सरकारी कागदपत्रांची भाषा यांवर भांडण आहे, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि १ नोव्हेंबरला कोणी राज्योत्सव करतो तर कोणी काळा दिन पाळतो. मात्र येथे कोणाचे नागरिकत्व गेलेले नाही. महाजन अहवाल मान्य असो वा नसो, प्रत्येकाला मत आहे आणि त्या मताच्या जोरावर येथून मराठी आमदार निवडून गेले आहेत. हा फरक स्पष्ट बोलून दाखवला, की सभागृहातील सुज्ञ माणसे पुन्हा भूतानकडे येतात. टाळत बसलात तर प्रश्नोत्तरांत तोच विषय निघेल आणि तेव्हा आवरणार नाही.

टिळकवाडीचा निवृत्त उपसंपादक

आपण वर्षाच्या बातम्यांवर बोलणार आहात, तर त्या बातम्या छापत कोण होते, यावर दहा मिनिटे खर्च करा. भूतानमध्ये दूरचित्रवाणी आणि इंटरनेट दोन्ही १९९९ साली आले. कुएनसेल हे सरकारी पत्रकातून वाढलेले वृत्तपत्र राष्ट्रभाषा झोंगखा, इंग्रजी आणि नेपाळी अशा तीन भाषांत निघत होते. शाळेतून काढलेली नेपाळी वृत्तपत्रात मात्र चालू होती, ही विसंगती निपाणीच्या मित्रांच्या मुद्द्याला जोडून सांगण्यासारखी आहे. खासगी वृत्तपत्रे २००६ मध्ये सुरू झाली. भूतान टाइम्स आणि भूतान ऑब्झर्व्हर ही दोन पहिली. म्हणजे देशाची पहिली निवडणूक झाली तेव्हा स्वतंत्र पत्रकारिता जेमतेम दोन वर्षांची होती.

या पत्रांचे उत्पन्न कशावर? मुख्यतः सरकारी जाहिरातींवर. जेमतेम सव्वा लाख घरांच्या, डोंगरात विखुरलेल्या देशात अंक विकून छपाईचा खर्च निघत नाही आणि मोठे दुकानदार-कारखानदारही मोजकेच. पुढे सरकारने जाहिराती आवरल्या तेव्हा २०१३ मध्ये भूतान ऑब्झर्व्हरची छापील आवृत्ती बंद पडली. जिल्हा पातळीवरच्या पत्रात ज्याने रात्रपाळी केली आहे, त्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही: निविदेची जाहिरात आली, की अग्रलेखातील एखादे विशेषण आपोआप मऊ होते. म्हणून २००८ च्या भूतानी अंकांत काय छापले आहे याइतकेच कशाला किती जागा मिळाली हेही पाहावे.

बाहेरच्या वृत्तपत्रांचेही तसेच. राज्याभिषेक ६ नोव्हेंबरला झाला आणि त्याच्या आदल्याच दिवशी ओबामांच्या विजयाची बातमी जगभर पसरली होती, त्यामुळे जगाच्या पानांवर भूतानला एक छायाचित्र आणि चार ओळी मिळाल्या. त्या महिन्याच्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला आणि आपल्याकडे दुसरे काही उरलेच नाही. मार्चमध्ये तिबेटमधील ल्हासातील असंतोषाने निवडणुकीला झाकले होते.

एक सूचना: शेजारही त्याच वर्षातला घ्या. नेपाळने २८ मे २००८ रोजी राजेशाहीच संपवली. मालदीवमध्ये ऑक्टोबरच्या निवडणुकीत तीस वर्षे सत्तेवर असलेले गयूम हरले आणि नशीद अध्यक्ष झाले. नेपाळमधील राजाने सत्ता मुठीत धरली आणि ती गमावली. भूतानच्या राजाने ती वेळेआधी सोडली आणि गादी टिकवली. घटनेत राजाने पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे असे कलम आहे, आणि संसदेच्या तीन चतुर्थांश मतांनी व त्यानंतरच्या सार्वमताने राजाला पायउतार करता येईल अशीही तरतूद आहे. ती राजानेच घालायला लावली, असे सर्वत्र सांगितले जाते. मला त्यात औदार्यापेक्षा हिशेब जास्त दिसतो आणि हिशेब चांगला होता, असेही वाटते.

खानापूरचा वाचक

सर्वांचे आभार. दक्षिणेचा भाग घेतो आणि पावतीपासूनच सुरुवात करतो. एकच विचारायचे राहिले. मनमोहन सिंग यांच्या मे महिन्यातील भेटीला किती महत्त्व द्यावे? तो नुसता शिष्टाचार होता का?

शहापूरकर

शिष्टाचार मुळीच नव्हता. १९४९ च्या करारात भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानावा असे कलम होते. ते फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारात गेले. त्यानंतर सव्वा वर्षात ही भेट झाली आणि तीत २०२० पर्यंत दहा हजार मेगावॅट जलविद्युत उभारण्याचे ठरले. भूतानच्या तिजोरीचा मोठा भाग भारताला विकलेल्या विजेतून येतो. १,०२० मेगावॅटचा ताला प्रकल्प तेव्हा नुकताच पूर्ण झाला होता. दहा हजारांचे ते उद्दिष्ट २०२० साली फारच दूर राहिले, आणि त्याचे एक कारण असे, की पुनात्सांगछू नदीवरील पहिल्या प्रकल्पात डोंगर खचून काम वर्षानुवर्षे अडकले.

आणि पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीच्या त्या दोन आसनांचे पुढे काय झाले, हे एका वाक्यात तरी सांगा, वर्षाचा नियम मोडला तरी हरकत नाही. त्या दोघांतील एक, त्शेरिंग तोबगे, पाच वर्षे विरोधी पक्षनेते राहिले. २०१३ च्या मतदानाच्या तोंडावर भारताकडून मिळणारी स्वयंपाकाच्या गॅसची आणि रॉकेलची सवलत बंद झाली, थिंपूत सिलिंडरचे भाव एकदम चढले, आणि त्या निवडणुकीत तोबगे यांच्या पक्षाला ४७ पैकी ३२ जागा मिळून ते पंतप्रधान झाले.