व्यसनी उंदीर की पिणारा उंदीर?

प्रश्नकर्ती:
एका विज्ञान मासिकासाठी दारूचं व्यसन आणि जनुकं या विषयावरचा लेख मराठीत आणतेय. मथळा जमला, पण आत शिरल्यावर पावलोपावली अडखळतेय. मी 'व्यसनी उंदीर' लिहिलं होतं. संपादकांनी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. शिवाय 'अ‍ॅनिमल मॉडेल'ला, म्हणजे माणसाच्या आजाराच्या अभ्यासासाठी वापरलेल्या प्राण्याला, काय म्हणायचं? 'प्रारूप' म्हटलं की मतदार यादी आठवते. 'नमुना' म्हणावं, तर उंदराला 'काय नमुना आहे' म्हटल्यासारखं वाटतं. 'स्ट्रेन' आणि 'टॉलरन्स' यांवरही अडलेय.

पिंजऱ्यापाशी बसणारा:
ताई, प्रश्नचिन्ह बरोबर आहे. मी उंदरांच्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढली आहेत. तिथे काय मोजतात ते सांगतो. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावतात. एकीत पाणी, दुसरीत पाणी आणि अल्कोहोल. रोज दोन्ही बाटल्यांचं वजन करायचं आणि मधूनमधून त्यांची जागा बदलायची, कारण काही उंदरांना डावी-उजवी बाजूच सवयीची होते. १९५९ साली मॅकक्लर्न आणि रॉजर्स यांनी कॅलिफोर्नियात हे केलं, तेव्हा सी५७ जातीचे काळे उंदीर १० टक्के अल्कोहोलच्या बाटलीकडे वळले आणि डीबीए जातीच्यांनी ती जवळपास टाळली. पिंजरे तेच, खाणं तेच. म्हणजे फरक जन्मजात. पण मोजलं काय? बाटलीतलं किती कमी झालं, एवढंच. ही 'पसंती' झाली. त्यात कडू क्विनीन मिसळूनही जो उंदीर पीत राहतो, त्याच्याबद्दल बोलताना व्यसनाच्या जवळचा शब्द काढता येईल.

गंमत पुढे आहे. त्याच डीबीए उंदरांना अल्कोहोल टोचून दिलं, तर जिथे ते मिळालं त्या कप्प्यात ते आवडीने रेंगाळतात. म्हणजे त्यांना अंमल नकोसा नाही, तोंडाने प्यायला नको! तेव्हा 'पसंती'च्या आधी 'पिण्याची' हा शब्द जोडाच.

संस्कृतवाले काका:
'व्यसन' या शब्दाचाच इतिहास बघण्यासारखा आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथाचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे, पण तिथे व्यसन म्हणजे आधी संकट: राजावरचं, अमात्यावरचं, कोशावरचं. त्याच अधिकरणात पुढे मृगया, द्यूत, स्त्री आणि पान ही माणसाची व्यसनंही येतात. आपत्ती आणि दुर्गुण, दोन्हींना एकच शब्द. मराठीत आपण दुर्गुण तेवढा ठेवला आणि संकट विसरलो. त्यामुळे 'व्यसनी' म्हटलं की दोष देण्याचा सूर लागतो. उंदराला कसला दोष देणार? त्यापेक्षा 'आहारी जाणे' बघा, त्यात निदान कोण कोणाला गिळतंय ते कळतं. आणि 'अंमल' तर फारच नेमका: पेशव्यांचाही अंमल, दारूचाही अंमल. 'अमली पदार्थ' त्यातूनच आला.

शेतीवाला:
'स्ट्रेन'ला 'वाण' म्हणा. गव्हाचा वाण, भाताचा वाण, तसा उंदराचा वाण. (बियाणाचा तो वाण, संक्रांतीचं ते वाण, कमतरतेची ती वाण. एकाच शब्दाची तीन लिंगं!) आणि तुमचा अख्खा लेख तर आपल्या म्हणीतच आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणीतला वाण म्हणजे रंग, जन्माने आलेला. गुण म्हणजे संगतीने लागलेला. वेगवेगळ्या वाणांचे उंदीर एकाच गोठ्यात ठेवायचे, म्हणजे संगत सगळ्यांना सारखी, आणि मग उरलेला फरक वाणाच्या खाती टाकायचा.

पिंजऱ्यापाशी बसणारा:
वा! 'वाण' मी आता सोडणार नाही. अमेरिकेत इंडियानात तर रॅटचे, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांचे, वाण मुद्दाम काढले. पिढ्यान्‌पिढ्या जास्त पिणाऱ्यांची जोडी जास्त पिणाऱ्यांशी आणि न पिणाऱ्यांची न पिणाऱ्यांशी. एक 'पी' वाण, दुसरा 'एनपी'. पी वाणाचा रॅट वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ ग्रॅमहून जास्त अल्कोहोल पितो. २०१३ साली पी वाणात जीआरएम२ या जनुकात मध्येच 'थांबा'ची खूण सापडली. त्यामुळे मेंदूत ग्लूटामेट या संदेशवाहक रसायनाचा एक ग्राही (ते रसायन झेलणारं प्रथिन) तयारच होत नाही. एनपी वाणात ती खूण नव्हती. पण म्हणून याला 'दारूचं जनुक' म्हणू नका. ते संदेशवहनाचं जनुक आहे, दारूशी त्याचा संबंध सापडला. 'संबंधित' हा शब्द रटाळ वाटला तरी कापू नका.

आणि कृपा करून जनुकाला 'गुणसूत्र' लिहू नका. वर्तमानपत्रं रोज लिहितात. जीआरएम२ हे गुणसूत्रावरचं एक जनुक.

देवगडकर:
लेखात माश्याही असतील ना? त्यांना 'फळमाशी' लिहाल तर आमच्याकडे गोंधळ होईल. आमची फळमाशी आंब्याला डंख करून आत अंडी घालते, तिच्यासाठी आम्ही बागेत सापळे टांगतो. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंघावतं ते चिलट. आंबलेल्या फळावरच त्याचा संसार, म्हणजे अल्कोहोल त्याच्या पाचवीलाच पुजलेलं.

प्रश्नकर्ती:
हो, चिलटंच! आणि त्यांची चाचणी वाचून हसू आलं. सुमारे १२२ सेंटिमीटर उंच नळी, आत तिरप्या जाळ्या, वरून माश्या सोडायच्या, आत अल्कोहोलची वाफ. अंमल चढला की तोल जातो आणि माशी जाळीवरून जाळीवर गडगडत खाली येते. साध्या माशीला सुमारे वीस मिनिटं लागतात. लवकर पडणारा एक वाण सापडला, त्याचं नाव 'चीपडेट'. १९९८ साली कळलं की बिघाड 'अ‍ॅम्नेसियाक'मध्ये आहे. हे जनुक आधी स्मरणशक्तीच्या अभ्यासात सापडलं होतं. म्हणजे पुन्हा तेच, दारूचं जनुक नव्हेच.

'टॉलरन्स'चं मात्र राहिलंच. 'त्याला पचते' चालेल?

पिंजऱ्यापाशी बसणारा:
नाही. 'पचते'मध्ये दोन गोष्टींची गल्लत होते: पहिल्याच दिवशी न चढणं, आणि पिऊन पिऊन न चढणं. टॉलरन्स म्हणजे दुसरी. 'हँगओव्हर' नावाचं जनुक बिघडलेल्या माश्या पहिल्या खेपेला इतरांसारख्याच पडतात, पण दुसऱ्या खेपेला इतर माश्या जेवढा वेळ टिकाव धरतात तेवढा यांना जमत नाही. अंग सरावतच नाही पुरेसं. 'सरावणं' घ्या.

प्रश्नकर्ती:
मग ठरलं: वाण, पिण्याची पसंती, सरावणं, चिलट. मॉडेलला मॉडेलच. 'चीपडेट' विशेषनाम म्हणून तसंच ठेवते, पण अर्थ चौकटीत द्यावा लागेल. 'थोडक्यात चढणारी' फार सोवळं वाटतं.

देवगडकर:
'झाकणभरात आउट'.

प्रश्नकर्ती:
टाकते. समासात आता काय काढतात बघू.