व्होरिकोनॅझोल चालू असताना टॅक्रोलिमसची लेव्हल

वर कोणीतरी लिहिलंय की ट्रान्सप्लांटनंतर फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस (एक बुरशी) निघाला तर व्होरिकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) सुरू करायचं, बाकी औषधं आहेत तशीच चालू ठेवायची. पहिलं बरोबर, दुसरं मात्र चांगलंच महागात पडू शकतं. टॅक्रोलिमस (बसवलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात ते औषध) लिव्हरमधल्या ज्या एन्झाइममुळे शरीराबाहेर जातं त्यालाच व्होरिकोनॅझोल अडवतं, त्यामुळे तोच डोस घेतला तरी रक्तातली लेव्हल भराभर चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढतं आणि घरच्यांना वाटतं किडनी रिजेक्ट होतेय. म्हणून सुरू करतानाच टॅक्रोलिमसचा डोस साधारण 1/3 वर आणतात, त्याऐवजी त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन असेल तर निम्म्यावर, आणि पुढे लेव्हल बघत बघत ठरवतात.

माझ्या भावाच्या वेळी सुरुवातीला सगळं नीट केलं होतं, घोळ झाला तो शेवटी. 12 आठवड्यांनी व्होरिकोनॅझोल बंद झालं, सगळे खूश, पण टॅक्रोलिमस परत वाढवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही!! लेव्हल इतकी खाली गेली की खरंच रिजेक्शन व्हायची वेळ आली होती, नशिबाने रूटीन टेस्टमध्ये सापडलं. तर बंद करतानाही लेव्हल लगेच तपासून घ्या, स्वतःहून विचारा. आणि हो, व्होरिकोनॅझोलची गोळी जेवणाबरोबर नाही, एक तास आधी किंवा नंतर. उन्हाचंही जपा, कातडी भाजल्यासारखी होते. म्युकर (दुसरी एक बुरशी) असेल तर मात्र हे औषध चालतच नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं.