वेड्यावाकड्या आणि उरलेल्या भाज्यांचा साप्ताहिक डबा नागपुरात परवडतो का?

बेसा_रोड

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ग्रुपवर एका घरपोच सेवेचं पत्रक आलं आहे. दर शनिवारी ५ किलो भाजी-फळांचा डबा, २०० रुपये, वर पोचवण्याचे ३०. माल म्हणजे आकार, रंग किंवा डागामुळे मागे पडलेला आणि आवक वाढल्यामुळे उरलेला. डब्यात काय टाकायचं ते तेच ठरवणार, आपण फक्त दोन नकोशा भाज्या कळवू शकतो. पैसे यूपीआय ऑटोपेने आपोआप कापले जाणार. वेळ सकाळी ७ ते ११.

घरात चार माणसं, रोज दोन टिफिन. हा डबा खरोखर स्वस्त पडतो का, की बुधवार बाजारात संध्याकाळी ढिगाने घेतलेलं बरं? डागी संत्री घ्यावीत का? आणि एप्रिल-मे मध्ये असला माल टिकतो का? माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

कॉटनमार्केट_पहाट

भाऊ, पत्रकात वाकडा आणि उरलेला हे दोन शब्द एका ओळीत आले आहेत, पण ते दोन वेगळे माल आहेत. सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

दुपायी गाजर, जोड टमाटर, बाकदार काकडी, लहान पत्ताकोबी हा बदला माल. तो तोडणीच्या दिवशी शेतावरच वेगळा निघतो, म्हणून एक नंबरच्या मालाइतकाच ताजा असतो. उरलेला माल म्हणजे पहाटे कळमन्यात किंवा कॉटन मार्केटात, म्हणजे नागपूरच्या घाऊक बाजारांत उतरला, उठाव झाला नाही आणि तसाच पडून राहिला. दिसायला तो सरळ, एकसारखा, पण वयाने एक-दोन दिवस मोठा. बदला माल नीट ठेवला तर आठवडा काढतो. उरलेला दोन दिवसांत संपवावा लागतो. दोन्हींचा भाव सारखा लावला असेल तर उरलेल्या मालात तुमचं नुकसान आहे.

म्हणून सेवेला दोनच गोष्टी विचारा: तोडणी कोणत्या दिवशीची, आणि माल शेतावरून येतो की बाजारातून? महाराष्ट्रात जुलै २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा आहे, शेतकऱ्याकडून थेट घेता येतो. त्यामुळे 'नियमामुळे बाजारातूनच उचलावा लागतो' असं कोणी सांगितलं तर ते ग्राह्य धरू नका.

उत्तर गोलमोल आलं तर देठ बघा, देठाला वय लपवता येत नाही. वांग्याची टोपी हिरवी आणि काटे टोचणारे असतील तर माल ताजा. टोपी तपकिरी होऊन सालीपासून सुटली असेल तर जुना. फुलकोबीच्या दांड्याचा काप पांढरा हवा, तपकिरी आणि वाळलेला नको. भेंडीचं टोक कटकन तुटलं पाहिजे, वाकलं तर जून किंवा शिळी. गवार आणि चवळीच्या शेंगाही तशाच मोडून बघायच्या. काकडी देठाकडच्या टोकाला दाबा, मऊपणा तिथे आधी येतो.

आता भाव. ५ किलोला २३० म्हणजे ४६ रुपये किलो, पण हा कागदावरचा दर. डबा आला की आधी वजन करा, मग पहिल्या दिवशी फेकावं लागलेलं बाजूला काढून तोला. सालं, दांडे, कोबीचा पाला यात धरू नका, तो कचरा बाजारातल्या भाजीतही निघतोच. फक्त सडका, पोखरलेला, गळका माल मोजा. समजा तो ६०० ग्रॅम निघाला, तर ४.४ किलोला २३०, म्हणजे ५२ रुपये किलो. त्यात घरात कोणी खात नाही अशी भाजी अर्धा किलो आली आणि ती वाटून टाकावी लागली, तर ३.९ किलोला २३०, जवळपास ५९ रुपये. हाच आकडा त्याच आठवड्यातल्या त्याच भाज्यांच्या बाजारभावाशी लावायचा. कोहळं (लाल भोपळा) आणि पत्ताकोबीने भरलेला ५ किलोचा डबा आणि भेंडी, गवार, शिमला मिरचीचा ५ किलोचा डबा यांची किंमत कधीच सारखी नसते. त्यामुळे 'बाजारापेक्षा इतके टक्के स्वस्त' हे वाक्य वाचून काहीच कळत नाही. डब्यात किती जड आणि किती हलका माल येतो, ते चार आठवडे लिहून ठेवा.

काटोल_बागायत

संत्र्याबद्दल थोडं लांबवून सांगतो, कारण डागी संत्री म्हटलं की लोक वाईट समजून टाळतात आणि चांगली फळं वाया जातात.

सालीवरचे डाग दोन जातीचे असतात. पहिले फक्त सालीचे. काळा, काजळीसारखा थर म्हणजे कोळशी. काळी माशी आणि पांढरी माशी चिकट गोड द्रव सोडतात, त्यावर ही बुरशी वाढते. ओल्या फडक्याने घासली की निघते, आतल्या फोडींना काही होत नाही. तपकिरी, खरखरीत, लोखंड गंजल्यासारखी साल म्हणजे कोळी या बारीक किडीने खरवडलेली, आपल्याकडे शेतकरी त्याला लाल्या म्हणतात. देठाभोवती करड्या कड्यासारखा ओरखडा असतो तो फुलकिड्यांचा. ही तिन्ही फळं बेलाशक घ्या. लहान फळ म्हणजे चुरी, तीही आकारामुळेच मागे पडते.

दुसरे डाग आत जाणारे. टाचणीने टोचल्यासारखं छिद्र आणि भोवती मऊ, फिकट वर्तुळ असेल तर तो रस शोषणाऱ्या पतंगाचा किंवा फळमाशीचा घाव. पतंगाच्या छिद्रातून सड आत शिरते, फळमाशीच्या छिद्रात अळी असते. असं एक फळही डब्यात ठेवू नका. देठाच्या खाचेभोवती काळसर, दबणारा भाग दिसला तर देठाकडून सड लागली आहे, ते फळ बाहेरून कितीही केशरी असो. हिरवी-निळी बुरशी एका फळावर दिसली की ते काढा, त्याला टेकलेली फळं पुसून कोरडी करा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आंबिया बहाराची संत्री हिरवट येतात. तो दोष नव्हे. सालीला रंग चढायला थंड रात्री लागतात, त्या आधी फळ गोड होऊन बसतं. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती रंगाने उजवी असतात.

चुरीचा रस काढणार असाल तर लगेच प्या. आपल्या संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो. त्याला लिमोनिन हा कडू पदार्थ कारणीभूत आहे, आणि ते रस काढल्यावर हळूहळू तयार होतं. बिया चिरडल्या किंवा रस गरम केला की कडूपणा वाढतो. फोडी सोलून, बिया काढून, हाताने दाबून गाळा. मिक्सरला लावू नका.

फोडणी_वऱ्हाडी

डबा उघडल्यावरचा पहिला अर्धा तास महत्त्वाचा. वजन झालं की तीन ढीग करा. आजच शिजवायच्या: सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक, भेंडी. तीन-चार दिवसांत: वांगी, फुलकोबी, टमाटर, ढेमसे (टिंडे). आठवडा टिकणाऱ्या: कोहळं, पत्ताकोबी, गाजर, बीट. पालेभाजी न धुता, मुळं कापून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. धुऊन ठेवली की पानाच्या बेचक्यात पाणी राहतं आणि दुसऱ्या दिवशी चिकट होते. टमाटर, केळी, पपई यांच्याजवळ पालेभाजी आणि काकडी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांच्या वायूने ती पिवळी पडते.

उन्हाळ्याबद्दल विचारलंत ना, तर नागपूरच्या ४५ अंशात टमाटर ओट्यावर पिकवायचा विचार सोडा. ३० अंशांच्या वर टमाटरात लाल रंग नीट तयार होत नाही, कच्चा टमाटर पिवळट-केशरी होऊन मऊ पडतो. कूलरच्या खोलीत टोपलीवर ओलं पोतं टाकून भाजी बरी राहते, पण कांदे-आलू तिथून हलवा. त्या दमट हवेत कांदा सडतो आणि आलूला कोंब फुटतात.

काय कापून वापरायचं, काय पूर्ण टाकायचं, हे ठाम ठरवून ठेवा. कडक भाजीवर, म्हणजे गाजर, पत्ताकोबीवर बुरशीचा ठिपका असेल तर भोवती दोन-तीन सेंटिमीटर सोडून कापा, उरलेलं चालतं. टमाटर, काकडी, पिकलेली फळं मात्र पूर्ण टाका, कारण पाणीदार गरात बुरशी दिसते त्यापेक्षा खोल गेलेली असते. टमाटरावरची कोरडी, खपली धरलेली भेग चालते. ओली भेग नाही. वांग्यात अळीचं छिद्र असेल तर उभं चिरा, काळा भुगा आणि बोगदा काढून बाकीचं घ्या.

हिरव्या सालीचा आलू जाड सोला, हिरवेपणा आत उतरला असेल किंवा चव कडू लागली तर टाका. उकळून किंवा तळून त्यातलं सोलॅनिन हे विष जात नाही.

आणि एक गोष्ट या डब्यांसाठी मुद्दाम सांगते. पाण्याच्या आणि उन्हाच्या ताणात वाढलेल्या वेलाची फळं वाकडी होतात, आणि त्याच ताणाने लवकी (दुधी भोपळा) आणि काकडी कडूही होऊ शकते. म्हणजे वाकड्या मालात कडू निघण्याची शक्यता जास्त धरूनच चाला. प्रत्येक लवकीचा छोटा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि ती अख्खी लवकी टाका. शिजवून विष जात नाही, उलट्या, जुलाब आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कडू लवकीचा रस तर चुकूनही नको, आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही हेच सांगितलं आहे.

टमाटर जास्त आले तर दोन किलो चिरून १० मिनिटं शिजवा, वाटून गाळा, निम्मं होईपर्यंत आटवा, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एप्रिलमध्ये गच्ची असेल तर ५-६ मिलिमीटरच्या चकत्या, वर मीठ, मलमल झाकून दोन-तीन दिवसांचं ऊन पुरतं. संध्याकाळी ताट आत घ्या. चकती दुमडल्यावर ओल सुटली तर अजून वाळायची आहे. तशीच डब्यात भरली तर पावसाळ्याआधीच बुरशी येते.

बेसा_रोड

खूप आभार, ताई आणि दोन्ही भाऊ. लवकीचं अजिबात माहीत नव्हतं. ऑटोपेची थोडी भीती आहे. बंद करायचं म्हटलं तर होतं का सहज?

ग्राहक_वाचा

होतं. मंजुरी तुम्ही तुमच्या यूपीआय अॅपमध्ये दिलेली असते, म्हणून ती तिथूनच रद्द करता येते, सेवेच्या परवानगीची गरज नाही. अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या विभागात जा, ती सेवा निवडा आणि थांबवा किंवा रद्द करा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना येणं बंधनकारक आहे, म्हणून बँकेचे एसएमएस बंद ठेवू नका.

मँडेट देताना कमाल रक्कम बघा. आठवड्याला २३० कापायचे असताना कमाल ५,००० टाकलेली असेल तर ती कमी करायला सांगा, नाहीतर देऊ नका. आठवडा वगळायची शेवटची वेळ काय, हेही लिहून घ्या. शनिवारच्या डब्यासाठी गुरुवारी दुपारी दार बंद होत असेल तर शुक्रवारी कळवून उपयोग नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सेवेला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. आधीच बरोबरची खूण केलेली संमतीची चौकट चालत नाही. सोडून जाणं मुद्दाम अवघड करणं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फसव्या रचनेत (डार्क पॅटर्न) मोडतं. पावतीवर किंवा अॅपवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक आहे का बघा. काहीच दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. डबा उघडतानाचा काट्यावरचा फोटो ठेवा, वजनाच्या वादात तोच कामी येतो.

सक्करदरा_पिशवी

माझं मत थोडं वेगळं. बाजार उठता उठता ढिगाचा भाव पडतो, तो कुठल्याच डब्याला गाठता येणार नाही, कारण त्यात पॅकिंग आणि गाडीचा खर्च नाही. शिवाय आपण हाताने निवडतो. वेळ असेल तर बाजारच बरा. डब्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा बाजारात जाणं होतच नाही आणि नाहीतर भाजी दुकानातून चढ्या दराने घेतली जाते. तुलना नेमकी कशाशी करता, त्यावर उत्तर बदलतं.

कॉटनमार्केट_पहाट

सक्करदरा भाऊंचं बरोबर आहे, पण संध्याकाळच्या ढिगात बहुतेक उरलेलाच माल असतो, बदला माल क्वचित. त्याच रात्री शिजवायचा असेल तर उत्तम.

बेसा_रोड भाऊ, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून चार डबे घेऊन बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुलकोबी, पत्ताकोबी, टमाटर, मेथीची आवक दाट असते, माल टिकतोही. जुलै ते सप्टेंबर पालेभाजी पाण्याने सडते आणि जास्तीचा माल फारसा नसतो, तेव्हा डबा कोहळ्या-आलूने भरतात. एप्रिलच्या मध्यापासून जून अर्धा होईपर्यंत थांबवा. सुरू ठेवायचाच असेल तर ७ ते ११ ची वेळ मान्य करू नका, ८ च्या आत घ्या. १० नंतर मे महिन्यात डबा दारात अर्धा तास जरी राहिला तरी सांबार गेलाच. घरी कोणी नसेल तर खाली वॉचमनकडे सावलीत ठेवायला सांगा, आणि वर ओलं फडकं.

चार माणसांना, दोन टिफिन धरून, आठवड्याला ७ किलोच्या आसपास भाजी लागते. म्हणजे ५ किलोचा डबा आणि उरलेलं, मिरची-सांबार-लिंबू धरून, बाजारातून. दोन नकोशा भाज्यांमध्ये ज्या लवकर खराब होतात त्या टाका, ज्या आवडत नाहीत त्या नव्हे. घरात पालेभाजी रोज निवडायला कोणाला वेळ नसेल तर पहिलं नाव तिचंच कळवा.