मदत हवी आहे: गाईला दगडी (कासेची सूज, कासदाह) परत परत होतेय, इम्युनिटीचं कोणतं औषध देऊ?

गोठा_फलटण: एचएफ (होल्स्टीन) गाय. महिन्यात दुसऱ्यांदा दगडी. डॉक्टरांनी दोन्ही वेळा तीन-तीन दिवस इंजेक्शनं दिली, कास मऊ पडली, पंधरा दिवसांत पुन्हा दगड. मेडिकलवाल्यानं लिटरची बाटली गळ्यात मारलीय, म्हणतो प्रतिकारशक्ती वाढली की रोग फिरकत नाही. शेजारी म्हणतो लेव्हामिसोल टोच. लवकर सांगा, आज डेअरीनं दूध परत पाठवलं.

माणदेशी: कितवं वेत? दूध किती? चारही सड की एकच?

रानवारा: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. वाटून, पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा कासेला लावा. एनडीडीबीपण (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) हेच सांगतं.

माणदेशी: दादा, लेप वरून लावायचा. त्यांनी विचारलंय पोटातून काय द्यायचं.

रानवारा: पोटातून गुळवेल द्या मग. कोरोनात आमच्या घरात सगळ्यांनी काढा घेतला, कुणाला काही झालं नाही.

माणदेशी: गाईचं चाललंय हो.

घाटमाथा: लम्पीची लस टोचलीय का? गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) चालते. आधी ते बघा.

गोठा_फलटण: अहो लम्पी नाही, दगडी! एकच सड, मागचा डावा. सकाळी काळ्या फरशीवर पहिली धार मारली तर दह्यासारख्या गुठळ्या. दूध दोन्ही वेळचं मिळून आठ लिटर. बाटलीवर गुळवेल, अश्वगंधा, व्हिटॅमिन ई, सेलेनियम लिहिलंय. मिनरल मिक्श्चर चालू आहेच.

जुना_गोठा: आमच्या गाईला लेव्हामिसोलनं गुण आला. जंताचंच औषध, कमी डोसनं प्रतिकारशक्तीला देतात.

पशुसेवा: आणि ते दुधात उतरतं, हे कोण सांगणार? दूध डेअरीला जातंय ना?
फलटणकर, दोन्ही वेळा तोच सड का? असेल तर जंतू आत दडलाय. स्टॅफ ऑरियस असाच, इंजेक्शननं दबतो, पुन्हा उठतो. बाटलीनं तो हटत नाही. पुढचं इंजेक्शन देण्याआधी स्वच्छ बाटलीत त्या सडाचं दूध घेऊन तपासा. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात विचारा. धार काढली की सड आयोडीनमध्ये बुडवा, अर्धा तास गाय बसू देऊ नका, सडाचं तोंड उघडं असतं.
आणि मिनरल मिक्श्चरच्या पुड्यावर सेलेनियम आहे का वाचा. थोडं लागतं, जास्त झालं की विष.

गोठा_फलटण: हो, तोच सड. गाभण आहे, सातवा संपत आला. सांगायचं राहिलं.

माणदेशी: हे आत्ता सांगताय?

पशुसेवा: मग विण्याच्या दोन महिने आधी आटवायची, म्हणजे धार बंद करायची, वेळ झालीच की! आटवताना सडात सोडायच्या ट्यूब डॉक्टरांकडून घ्या, नमुना त्याआधी. विण्याच्या तोंडावर पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात, ई आणि सेलेनियमचा खरा उपयोग तेव्हा. तेही बाटली नाहीतर मिनरल मिक्श्चर, एकाच ठिकाणाहून, मोजून. कडब्यात ई फारसं नसतं, हिरवा चारा वाढवा.

रानवारा: चुना पानाचाच घ्या हं.

गोठा_फलटण: पुडा वाचला. सेलेनियम आहे. बाटली बंद केली. मेडिकलवाला परत घेईल का? सील फोडलंय.

माणदेशी: सील फोडलं म्हणजे गेली.