प्रतिसाद: डिस्ने वर्ल्ड आणि ऑटिझम असलेला मुलगा

ऑटिझम असलेल्या लेकाला लाईनीत उभं राहणं जमत नाही म्हणून डिस्ने वर्ल्डची ट्रिपच रद्द करावी का, असं विचारलंयस, तर तसं करू नकोस गं. वर कुणीतरी लिहिलंय की गेटवर जाऊन डॉक्टरचं पत्र दाखवलं की पास मिळतो, तसं नाहीये. DAS म्हणजे डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस, रांगेत उभं न राहता बाहेर थांबायची सोय, तिची नोंदणी जायच्या आधीच व्हिडिओ कॉलवर करून टाकायची, कॉलच्या वेळी मुलगा सोबत लागतो आणि पत्रबित्र मागत नाहीत, त्याला रांगेत नेमका काय त्रास होतो ते नीट सांगावं लागतं. 2024 पासून नियम कडक केलेत, पण ऑटिझमसारखी अडचण असलेल्यांसाठीच ही सोय आहे. आणि हो, यात वाट बघणं वाचत नाही, रांग पाऊण तासाची असेल तर साधारण तेवढ्या वेळाने परत बोलावतात, तोवर सावलीत बसा, खाऊ द्या.

आमच्या मुलाचा राईडपेक्षा जास्त राडा बाथरूममधल्या हँड ड्रायरने झाला, घर्रर्र सुरू झाला की ओले हात तसेच कानांवर आणि जो बाहेर धूम ठोकतो ना! त्यामुळे हेडफोन गळ्यातच ठेवा, बॅगेत नको, आणि कंपॅनियन रेस्टरूम, म्हणजे मदतीला सोबत कुणी आत येऊ शकेल अशी वेगळी बाथरूम, कुठेयत ते आधी मॅपवर बघून ठेवा.

त्याला राईड नकोच असेल तर रायडर स्विच मागा, एकजण त्याच्यापाशी थांबतो, दुसरा बसून येतो, मग अदलाबदली, पुन्हा मोठी रांग नाही.

फिलाडेल्फियाजवळचं सेसमी प्लेसही बघ, 2018 मधे सर्टिफाइड ऑटिझम सेंटर (म्हणजे ऑटिझम असलेल्यांशी कसं वागायचं याचं स्टाफला ट्रेनिंग असल्याचं प्रमाणपत्र) झालेलं पहिलं थीम पार्क ते. लहान आहे, पहिल्यांदा जायला मला तेच बरं वाटतं.