उक्त्या सौद्याआधी झाडं मोजा

व्यापारी बागेतला सगळा साग उक्ता, म्हणजे न मोजता एकरकमी, मागतोय, द्यावा का, असा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: मोजल्याशिवाय देऊ नका.

टेप घेऊन प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर लिहून काढा. तोडल्यावर ओंडक्याचा मधला घेर धरतात. व्यापारी घनफूट असे काढतात: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर 4 फूट, लांबी 10 फूट असेल तर 10 घनफूट. खरं लाकूड मात्र जवळपास पावणेतेरा घनफूट असतं! ही पद्धत बाजारात रूढच आहे, पण त्यावर पुन्हा सालीची आणि वाकडेपणाची घट लावू लागले तर ठामपणे नाही म्हणा.

त्याआधी सातबारा बघा. 'इतर हक्क' या रकान्यात 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याचा (खाजगी वनं सरकारकडे घेण्याचा कायदा) प्रश्न येतो, तो आधी सोडवावा लागेल. सामाईक जमीन असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. साग अनुसूचित वृक्ष आहे, म्हणजे वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड, त्यामुळे तोडीची परवानगी लागतेच. व्यापारी 'कागदपत्रं मी बघतो' म्हणाला तरी परवान्याची आणि वाहतूक पासाची प्रत स्वतःकडे ठेवा, झाडं तुमच्या नावावरची आहेत.