प्रेक्षक ठरतो तो फ्रिज-पंख्यावरून

'लोकांना सासू-सुनाच हव्यात, म्हणून वाहिन्या तेच दाखवतात' हे नेहमीचं मत मला अर्धंच पटतं. कुठले लोक, हे आधी बघायला हवं. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेकडे घराचा आर्थिक वर्ग दोन गोष्टींवरून लागतो: मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ गोष्टींच्या यादीपैकी घरात किती आहेत. पंखा, फ्रिज, वॉशिंग मशीन, गाडी, अगदी शेतजमीनसुद्धा! टीव्हीवर काय बघितलं ते नोंदवणारं बार्कचं मीटर बसवलेल्या घरात टीव्हीसमोर बसणाऱ्या प्रत्येकाने रिमोटवरचं आपापलं बटण दाबायचं, म्हणजे वय आणि बाई की पुरुष हेही कळतं. जाहिराती देणाऱ्या साबण-मसालेवाल्यांना घरखर्च बघणारी बाई हवी असते, संध्याकाळच्या मालिका तिच्यासाठीच बेततात. शेतमजूर बाईही तीच मालिका बघते, पण तिचं घर, तिचं काम कथेत जवळपास दिसतच नाही. याचा मला मनापासून राग येतो.